हिचकॉककडून नेमकं काय घ्यायचं? नागपुरात थरारपट करू पाहणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आला आहे: नागपुरातल्या पाच-सहा जणांना बारा मिनिटांचा थरारपट करायचा आहे. हाताशी मोबाइल, एक भाड्याचा कॅमेरा आणि शहराच्या महाल भागातलं एक जुनं घर आहे. त्याआधी आल्फ्रेड हिचकॉकचे चित्रपट बघून घ्यायचे आहेत. कुठले बघायचे, कुठल्या क्रमाने, आणि त्यातून उचलायचं काय? सोबत एक तक्रारही आहे: 'आधीच्या फिल्ममध्ये शेवटचा धक्का भारी जमला होता, पण मधली आठ मिनिटं लोक घड्याळ बघत होते.'

तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण हिचकॉकने पन्नास वर्षं याच दुखण्यावर काम केलं.

१९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने त्याची दीर्घ मुलाखत घेतली. ती १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. दोघं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो आणि विषय संपतो. आता तोच प्रसंग वेगळा मांडा. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय, एक वाजता तो फुटणार हे त्याला ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. दोघांच्या गप्पा त्याच, पण आता प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसतो. फिरली ती एकच गोष्ट: कोणाला काय माहीत आहे.

तुमच्या फिल्ममध्ये सगळी माहिती शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवली होती. मधल्या आठ मिनिटांत प्रेक्षकाला घाबरायला काही कारणच दिलं नव्हतं. त्याने घड्याळ बघू नये तर काय करावं!

हिचकॉक म्हणजे शेवटची कलाटणी, ही आपल्याकडची समजूत 'सायको'मुळे झाली आहे. तो स्वतः 'खून कोणी केला' छापाच्या कथांपासून लांबच राहिला, कारण त्यात भावना नसते, नुसतं कोडं असतं असं त्याचं मत. त्याची खरी करामत माहितीच्या हिशेबात आहे. प्रेक्षकाला काय ठाऊक, पात्राला काय ठाऊक, समोरच्या पात्राला काय ठाऊक, आणि यातला एक आकडा कोणत्या क्षणी बदलायचा. लेन्स, आवाज, कट हे सगळं त्या हिशेबाच्या चाकरीला.

हा हिशेब त्याच्या हाती कसा बसला

जन्म १३ ऑगस्ट १८९९, लंडनच्या लेटनस्टोन भागात, दुकानदाराच्या घरी. तारा आणि केबल बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, तिथे जाहिरातींसाठी चित्रं काढली. तिथून तो इस्लिंग्टनच्या स्टुडिओत मूकपटांच्या मजकुराच्या पाट्या रंगवायला गेला. चरित्रांत ही नोकरी दोन ओळींत उरकतात, पण पुढचं बरंच तिथे शिजलं. पाटी लिहिणाऱ्याला रोज कळतं की कुठला मजकूर चित्रातून सांगता आला असता आणि पाटी उगाच लागली.

१९२४ मध्ये तो कामासाठी जर्मनीत होता. बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ 'द लास्ट लाफ'चं चित्रीकरण करत होता, जवळजवळ पाट्यांशिवायचा चित्रपट. ते काम त्याने जवळून पाहिलं. त्याचं फळ 'द लॉजर' (१९२७) मध्ये दिसतं. वरच्या खोलीतला भाडेकरू येरझारा घालतो आणि खालच्या कुटुंबाला संशय येतो. मूकपटात पावलांचा आवाज देणार कसा? त्याने जाड काचेची जमीन करून घेतली, खालून कॅमेरा लावला आणि चालणारे पाय छतातून दाखवले. खाली हलणारं झुंबर. ऐकू येणारी गोष्ट अशी डोळ्यांना दिसायला लागली. आजही अडलेल्या प्रसंगावर हा उपाय चालतो. पात्राच्या तोंडी 'वर कोणीतरी चालतंय' हे वाक्य आलं असेल तर आधी ते खोडा, मग काय दाखवता येईल ते बघा.

'ब्लॅकमेल' (१९२९) मूकपट म्हणून सुरू झाला आणि मध्येच बोलपट झाला. नायिका ॲनी ओन्ड्रा हिचे इंग्रजी उच्चार परकीय होते आणि नंतर आवाज भरायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी ही दुसरी अभिनेत्री कॅमेऱ्याबाहेर माइकपुढे बोलायची आणि ओन्ड्रा फक्त ओठ हलवायची. या धांदलीतही त्याने एक कायमची गोष्ट करून ठेवली. आदल्या रात्री स्वसंरक्षणात चाकूने खून केलेली मुलगी सकाळी न्याहारीला बसली आहे, शेजारीण बडबडतेय. हळूहळू तिची बाकी बडबड पुसट होत जाते आणि फक्त 'चाकू' हा शब्द धारदार ऐकू येतो. बोलपट येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि याने आवाजाचा क्लोजअप घेतला.

१९३४ ते ३८ ही इंग्लंडमधली घोडदौड. 'द थर्टी नाइन स्टेप्स' (१९३५) मध्ये मोलकरणीला प्रेत दिसतं, ती किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते रेल्वेच्या इंजिनाची शिट्टी. पुढच्या दृश्यात गाडी धावत असते. १९३९ च्या मार्चमध्ये निर्माता डेव्हिड सेल्झनिकच्या करारावर तो अमेरिकेला गेला. पहिलाच 'रेबेका' (१९४०) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला, पण तो पुरस्कार निर्मात्याचा. दिग्दर्शनासाठी पाच नामांकनं आणि एकही विजय नाही, १९६८ साली थालबर्ग पुरस्कार देऊन अकादमीने हात झटकले. असो. पुरस्कारांची यादी तुमच्या कामाची नाही.

नायिका, प्रेयसी, वेशभूषा यांवर रकाने भरून लिहिलं जातं. त्यामानाने त्याची बायको आल्मा रेव्हिल मागे राहते. ती त्याच्यापेक्षा एक दिवसाने लहान, आणि त्याच्याआधीपासून चित्रपटात संकलनाचं काम करणारी. १९२६ मध्ये लग्न झालं आणि शेवटपर्यंत पटकथा आणि कच्चं संकलन तिच्या नजरेखालून गेलं. 'सायको'च्या तयार प्रतीत प्रेत म्हणून पडलेल्या नायिका जॅनेट लीची हालचाल तिनेच पकडली, असं सांगतात. तुमच्या गटात असा एक जण नेमा, जो चित्रीकरणाला येणार नाही आणि थेट कच्चं संकलनच बघेल. सेटवर हजर असलेल्या माणसाला पडद्यावर जे नाही तेही दिसत राहतं.

तीन शॉट, आणि ते का फसतात

'रिअर विंडो' (१९५४) बघताना कागद-पेन घेऊन बसा. पाय मोडलेला छायाचित्रकार खिडकीपाशी बसलाय आणि समोरच्या इमारतीत काय चाललंय ते बघतोय. जवळजवळ सगळा चित्रपट तीन शॉटांच्या साखळीवर उभा आहे: माणूस बघतो, त्याला काय दिसतं, त्यावर त्याचा चेहरा. हिचकॉकचंच उदाहरण घ्या. मधल्या शॉटमध्ये बाळाला घेतलेली आई असेल तर शेवटचं हसू प्रेमळ वाटतं. तिथे तोकड्या कपड्यांतली तरुणी ठेवली की तोच चेहरा, तेच हसू लंपट होतं. चेहऱ्याने वेगळं काहीच केलेलं नसतं.

वाचायला सोपं, करायला गेलं की घसरतं. कारणं ठरलेली आहेत. मधला शॉट बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला नसतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर असतात, उभ्याचे पाच-सव्वापाच फुटांवर. कॅमेरामन उभा राहून शूट करतो आणि मग बसलेल्या माणसाची नजर छताजवळून आल्यासारखी वाटते. दुसरं कारण, नजरेची दिशा. पहिल्या शॉटमध्ये पात्र फ्रेमच्या डावीकडे बघत असेल तर समोरच्या माणसाने उजवीकडे बघितलं पाहिजे, नाहीतर दोघं एकाच दिशेला बघताहेत असं वाटतं. तिसरं, प्रतिक्रियेचा शॉट अर्ध्या सेकंदात कापलेला असतो. दोन-तीन सेकंद द्या. आणि सगळ्यात मोठा घोळ अभिनेत्याचा: तो 'घाबरून' दाखवतो. त्याला सांगा, फक्त बघ. घाबरायचं काम मधल्या शॉटचं आहे.

लेन्सचं म्हणाल तर 'सायको' बहुतेक ५० मिलीमीटर लेन्सवर काढला, कारण ३५ मिलीमीटर फिल्मवर ती माणसाच्या नजरेच्या जवळ जाते. तुमच्या भाड्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्या फिल्मच्याच आकाराचा, म्हणजे 'फुल फ्रेम' या मोठ्या आकाराहून लहान असेल तर ५० मिलीमीटर चालेल, फुल फ्रेम असेल तर पंचाहत्तरच्या आसपास. मोबाइलची मुख्य लेन्स फारच रुंद असते, फुल फ्रेमच्या हिशेबात चोवीस-पंचवीसची. तीवर चेहरा जवळून घेतला की नाक पुढे येतं आणि खोली मैदानासारखी दिसते. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर नजरेचे शॉट तीवर घ्या. नसेल तर तीन पावलं मागे जा आणि फ्रेम संकलनात थोडी कापा.

एक नियम त्याच्याच नावावर सांगितला जातो आणि तो पाठ करण्यासारखा आहे: वस्तू फ्रेममध्ये तेवढीच मोठी, जेवढं तिचं त्या क्षणी महत्त्व. 'नोटोरियस' (१९४६) मध्ये मेजवानी चालली आहे. कॅमेरा वरच्या मजल्यावरून भरलेला दिवाणखाना दाखवतो आणि क्रेनवरून उतरत-उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीवर येऊन थांबतो. तळघराची ती किल्ली तिने नवऱ्याच्या जुडग्यातून चोरली आहे. शंभर माणसांच्या गर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट दोन इंचांची, हे एकही शब्द न बोलता कळतं. पुढे बर्फातल्या शॅम्पेनच्या बाटल्या कमी-कमी होताना दाखवतो. बाटल्या संपल्या की नवरा तळघराकडे निघणार, आणि किल्ली तर त्याच्याकडे नाही. घड्याळाची गरजच उरत नाही.

तळघरातल्या बाटलीत युरेनियमचं खनिज निघतं. त्याऐवजी हिरे असते तरी चित्रपटाला ओरखडाही उठला नसता. पात्रं जिच्यामागे धावतात पण प्रेक्षकाला जिचं फारसं काही पडलेलं नसतं, अशा वस्तूला तो 'मॅकगफिन' म्हणायचा. नवीन मुलं नेमकी इथेच अडकतात. पेन ड्राइव्हमध्ये काय आहे, ते कोणत्या मंत्र्याशी जोडलेलं आहे, हे समजावण्यात चार मिनिटं जातात. एका वाक्यात संपवा.

महालातलं घर, मे महिना आणि कूलर

आता हे सगळं तुमच्या बारा मिनिटांत कसं बसेल ते दाखवतो. नागपुरात बॉम्ब शोधायची गरज नाही. मे महिन्यात प्रत्येक घरात एक लोखंडी डबा खिडकीला टेकून उभा असतो.

श्रीकांत पतसंस्थेत कारकून आहे. पहिल्या दीड मिनिटात प्रेक्षक एवढंच पाहतो: तो कूलरची बाजूची जाळी काढतो, वाळ्याच्या ताटीमागे नोटांची गड्डी सरकवतो, जाळी परत बसवतो. गड्डीवर पतसंस्थेचा शिक्का असलेला कागदी पट्टा आहे आणि त्याचं एक टोक सुटलंय. पट्ट्याचा क्लोजअप, तीन सेकंद. इथेच कूलरचे दोन स्विच दाखवून ठेवा, एक पंख्याचा, एक पंपाचा. दोन्ही बंद. हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं वाया जाणार, म्हणून सर्वाधिक वेळ या दीड मिनिटावर घालवा.

दार वाजतं. संस्थेचे हिशेब तपासनीस आले आहेत. श्रीकांतच्या आईला काहीच माहीत नाही, आणि दारात आलेल्या माणसाला उन्हातून आल्यावर कूलरपुढे बसवणं हा तर तिचा धर्म.

'अरे, कूलर लाव ना बाप्पा! साहेब घामानं भिजून रायले.'

'पंप बिघडलाय, आई.'

'सकाळी त चालू होता.'

'आता बिघडला.'

'मंग नुसता पंखा लाव. पंख्याले काय धाड भरली?'

धोका कुठून येतोय बघा. खलनायक नाही, पिस्तूल नाही. आईच्या पाहुणचारातून येतोय, आणि तिचा प्रत्येक शब्द बरोबर आहे. हिचकॉकच्या जातीचा प्रसंग असाच असतो. चांगली माणसं आपापलं चांगलं काम करत असतात आणि त्यातूनच फास आवळत जातो. पायऱ्या तीन ठेवा: आधी नुसता आग्रह, मग पंखा सुरू, शेवटी पंप. पंखा लागला की हवा ताट्यांमधून आत ओढली जाते, सुटलेला पट्टा पात्याकडे खेचला जातो आणि कागद पात्यावर घासल्याचा टक-टक-टक आवाज सुरू होतो. ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी तो कानठळ्या बसवणारा, बाकीच्यांसाठी नेहमीची खडखड. 'ब्लॅकमेल'मधला चाकू इथे वापरायचा. साहेबांचं बोलणं हळूहळू दबवा, टकटक वर आणा. पण एकदम नको, तीस-चाळीस सेकंदांत.

साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला हिशेब उलटवा. भिंतीवरच्या आरशात साहेबांना जाळीला चिकटलेला शिक्क्याचा पट्टा दिसतो. आपण त्यांना तो बघताना बघतो. ते काहीच बोलत नाहीत, पाण्याचा ग्लास खाली ठेवतात आणि विचारतात, 'तर, मार्चचा हिशेब कुठे ठेवलाय म्हणालात?' आतापर्यंत प्रेक्षक आणि श्रीकांत एका बाजूला होते. आता प्रेक्षकाला श्रीकांतपेक्षा जास्त माहीत आहे. 'नोटोरियस'मध्ये नवऱ्याला बायकोचं गुपित कळतं आणि तो गप्प राहून तिच्या कॉफीतून विष द्यायला लागतो, तेव्हा नेमकं हेच होतं. उरलेली मिनिटं याच बळावर चालतात.

पटकथा लिहिण्याआधी एका कागदावर चार रकाने पाडा: प्रेक्षक, श्रीकांत, आई, साहेब. प्रत्येक मिनिटाला कोणाला काय माहीत आहे ते भरा. सलग तीन मिनिटं एकाही रकान्यात बदल नसेल तर तिथे प्रेक्षक मोबाइल काढणार.

शेवट करताना दोन खड्डे टाळा. दोन्हीत हिचकॉक स्वतः पडला होता. 'सॅबोटाज' (१९३६) मध्ये नकळत बॉम्बचं पुडकं घेऊन एक लहान मुलगा लंडनभर रेंगाळतो आणि शेवटी बसमध्ये खरोखर स्फोट होऊन मरतो. इतका वेळ ताणलेल्या प्रेक्षकाला सुटका न देता त्याच्या लाडक्या पात्राला मारणं ही आपली मोठी चूक होती, असं त्याने पुढे कबूल केलं. म्हणजे शेवटी आईला हार्ट अटॅक नको. दुसरा खड्डा 'स्टेज फ्राइट' (१९५०) चा. सुरुवातीलाच दाखवलेली पूर्वकथा खोटी निघते. पात्र खोटं बोललं तर प्रेक्षक माफ करतो, कॅमेरा खोटं बोलला तर करत नाही. 'हे सगळं स्वप्न होतं' हा त्याच जातीतला.

आवाज, ऊन आणि बाकी कटकटी

संवाद चालू असताना कूलर अजिबात लावू नका. प्रत्येक कटला त्याची घरघर बदलते आणि संकलनात ती जोडता येत नाही. नुसता पंखा, पंखा आणि पंप, कागद पात्यावर घासताना (हा आवाज टेबलफॅनच्या जाळीतून पोस्टकार्डाचा तुकडा धरून मिळतो, बोटं लांब ठेवून) आणि रिकाम्या खोलीची शांतता, हे चारही आवाज वेगळे, प्रत्येकी किमान एक मिनिट घ्या. मे महिन्यात महालात शेजारचे कूलरही तुमच्या माइकमध्ये येतील. म्हणून शक्य असेल तर फेब्रुवारीत शूट करा आणि घाम खोटा आणा: ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, फवाऱ्याच्या बाटलीतून. प्रत्येक टेकनंतर चेहऱ्याचा आणि सदऱ्यावरच्या ओल्या डागाचा फोटो काढून ठेवा, नाहीतर कॉलर एका शॉटला ओली, पुढच्याला कोरडी. मेमध्येच करायचं ठरलं तर मोबाइल तापून बंद पडणार हे धरून चाला. कव्हर काढा, चार्जिंगला लावून शूट करू नका, टेकच्या मध्ये सावलीत ठेवा. बर्फावर ठेवू नका, लेन्सच्या आत बाष्प धरतं.

संगीताबद्दल. 'रिअर विंडो'त नामावलीनंतरचं जवळजवळ सगळं संगीत त्या गल्लीतूनच येतं, कोणाच्या रेडिओवरून, कोणाच्या पियानोवरून. 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये पार्श्वसंगीतच नाही, फक्त ट्राउटोनियम या वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे इलेक्ट्रॉनिक आवाज. संगीतकार बर्नार्ड हरमनने 'सायको'ला फक्त तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको असं हिचकॉकचं आधी म्हणणं होतं, ऐकल्यावर त्याने ते मागे घेतलं. तुमच्या फिल्मला कूलर पुरेसा आहे. इंटरनेटवरून उतरवलेला 'सस्पेन्स म्युझिक' नावाचा तो ढुम्म आवाज कृपा करून नको.

न्हाणीघराचा तो प्रसंग नक्कल करायला सगळ्यांनाच आवडतो. खुनाचा भाग पाऊण मिनिटाचा, त्याला सुमारे आठवडा लागला आणि सत्तरच्या वर ठिकाणी कॅमेरा लावला गेला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, कारण चित्रपट कृष्णधवल होता. सुरा लागल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात भोसकून काढलेला. वरून येणाऱ्या पाण्याचा शॉट लांब पल्ल्याच्या लेन्सने, झारीची मधली भोकं बंद करून, म्हणजे धारा कॅमेऱ्याच्या बाजूंनी जातात. हे सगळं तुम्ही जमवालही. नक्कल फसते ती दुसऱ्याच कारणाने. त्याआधीची पाऊण तासाची कथा जॅनेट लीच्या चाळीस हजार डॉलरची आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पैसे ती परत करायचं ठरवते, प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, आणि तेव्हा सुरा येतो. तो पाऊण तास तुमच्याकडे नसेल तर पन्नास कट म्हणजे नुसती कापाकापी.

'सायको' काढताना त्याच्याकडे पैसा कमी होता हेही लक्षात घ्या. खर्च सुमारे आठ लाख डॉलर, त्या काळच्या हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. १९५५ पासून चाललेल्या त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेची मंडळी त्याने या कामाला जुंपली. झटपट काम करणारी, कमी दिव्यांत भागवणारी. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, हा दंडक घालून त्याने प्रसिद्धीही उरकली.

दोन गोष्टींच्या नादी लागू नका. 'व्हर्टिगो' (१९५८) मधला जिना खाली पळतोय असा भास देणारा शॉट कॅमेरा मागे आणि झूम पुढे, एकाच वेळी, अशा पद्धतीचा. त्यासाठी जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून काढली होती, त्या काही सेकंदांना एकोणीस हजार डॉलर लागले. मोबाइलच्या झूमला मध्ये झटके बसतात आणि प्रकाशही बदलतो, ते लगेच कळतं. आणि 'रोप' (१९४८) सारखी सलग टेकची हौस. त्यात रिळात मावेल तेवढे, दहा मिनिटांपर्यंतचे शॉट घेतले आणि जोड कोटाच्या पाठीमागे वगैरे लपवले. पण कट सोडला म्हणजे 'कोण बघतंय' हे सांगायचं सगळ्यात स्वस्त हत्यार सोडलं. त्याने स्वतःच नंतर त्याला कसरत म्हटलं.

अंधार म्हणजे थरार हेही डोक्यातून काढा. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मधला फवारणीच्या विमानाचा हल्ला रखरखीत उन्हात, सपाट शेतात, बराच वेळ संवादाशिवाय आणि टक्कर होईपर्यंत संगीताशिवाय चालतो. लपायला आडोसाच नाही, हीच भीती. मेमधल्या दुपारी दोनची रामदासपेठ किंवा हिंगण्याच्या रस्त्यावरचा एखादा मोकळा पट्टा याहून कमी नाही. रस्त्यावर शूट करायचं तर आधी पोलीस ठाण्यात कळवा, खोटा सुरा किंवा पिस्तूल असेल तर नक्कीच. मेट्रोच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोनचा विचार असेल तर आधी सरकारचा 'डिजिटल स्काय' हा ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघा. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचे तळ यांमुळे शहराचा मोठा भाग बंदीत किंवा परवानगीच्या कक्षेत येतो.

आपल्याकडे काय आलं, काय राहिलं

हिंदीने त्याचं धुकं आणि वाडे आधी उचलले. बिरेन नाग यांचा 'कोहरा' (१९६४) सरळ 'रेबेका'वरून आहे. राज खोसला आणि विजय आनंद यांनी आपापल्या थरारपटांत गाणी बसवली. विजय आनंदांची गाणी कथेला पुढे ढकलतात, पण कोडं मात्र 'कोण' हेच राहिलं. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आला आणि राज खोसलांनी त्यावरून 'मेरा साया' केला. तिथेही 'ही बाई खरी कोण' हा प्रश्न शेवटपर्यंत झाकलेला. वाईट नाहीत हे चित्रपट, पण हिचकॉकचा हिशेब त्यांच्यात शोधू नका.

तो बराच उशिरा आला. निशिकांत कामत यांच्या हिंदी 'दृश्यम'मध्ये (२०१५, मूळ जीतू जोसेफ यांचा २०१३ चा मल्याळम चित्रपट) गुन्हा कसा घडला हे प्रेक्षक आधीच पाहतो, पोलिसांना माहीत नसतं, आणि फक्त एक गोष्ट शेवटासाठी राखलेली. पुण्यात घडणाऱ्या श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'मध्ये (२०१८) आंधळ्याचं सोंग घेऊन पियानो वाजवणाऱ्याच्या मागे प्रेताची विल्हेवाट चालली आहे. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत, खुन्यांना नाही, आणि बोटं थांबवायची नाहीत. तुमच्या चार रकान्यांवर हा प्रसंग भरून बघा, पटकथा लिहिण्याचा आठवडा वाचेल.

बघण्याचा क्रम आता सांगतो. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) पहिला, कारण तो लगेच पकडतो. टेनिसचा सामना आणि गटारात पडलेला लायटर यांच्यातली आलटून-पालटून जोडणी संकलकाने तीनदा बघावी. मग 'रिअर विंडो', 'नोटोरियस', 'सायको'. प्रत्येकातली दहा मिनिटं आवाज बंद करून बघा आणि शॉट क्रमांक, कोण बघतंय, किती सेकंद, प्रेक्षकाला नवीन काय कळलं, असं लिहून काढा. एवढं झाल्यावर मागे जाऊन 'द लॉजर' आणि 'ब्लॅकमेल'. 'व्हर्टिगो' सगळ्यात शेवटी. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०१२ च्या कौलात तो सर्वोत्कृष्ट ठरला खरा, पण त्याचं वेड शिकण्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे. आणि शेवटाच्या बऱ्याच आधी गुपित फोडून टाकण्याची हिंमत मात्र त्यात जरूर बघा.

'द बर्ड्स' बघाल तेव्हा माळ्यावरच्या हल्ल्याचा प्रसंग कसा झाला हेही माहीत असू द्या. नायिका टिपी हेड्रेनवर पाच दिवस जिवंत पक्षी फेकले गेले, शेवटी डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली. हिचकॉकने आपला लैंगिक छळ केला, असंही तिने २०१६ च्या आत्मकथनात लिहिलं. त्याच्या कारागिरीचा अभ्यास करताना हा भाग गाळायचं कारण नाही. तुमच्या सेटवर काय करायचं तेही यातून ठरतं. पाण्याचा, आगीचा, झटापटीचा, उन्हात उभं राहण्याचा प्रत्येक शॉट अभिनेत्याला आदल्या दिवशी कागदावर दाखवा, किती टेक होतील ते सांगा, आणि थांबायचं कोणी म्हणायचं ते आधीच ठरवा. आईची भूमिका करणाऱ्या बाईंना तर पंखा कधी लागणार आणि कधी बंद होणार हेही सांगून ठेवा. पातं फिरत असताना जाळीशी कोणाचा हात जाणार नाही याची जबाबदारी एकाच माणसावर द्या, आणि त्या दिवशी त्याला दुसरं काहीच काम नको.